शांतीचं पातेलं

(परळ, सन १८९४. चाळीतली एक खोली, दुपार. गुणवंती चुलीपाशी. तिची आई सखुबाई उंबऱ्याबाहेर बसलेली.)

सखुबाई: कडेला बघ. मोहरीएवढे बुडबुडे येतायत, मध्ये अजून काही नाही. आत्ताच लाकूड ओढ, नाहीतर नारळाचा रस फुटेल.

गुणवंती: ओढलं. तिथून दिसतं तुला?

सखुबाई: दिसायला कशाला हवं, वासावरून कळतं. त्या रसात काय शिजतंय ते मात्र सांगू नकोस.

गुणवंती: तुला ठाऊक आहे.

सखुबाई: म्हणूनच सांगू नकोस म्हणते.

गुणवंती: डॉक्टरांनी गाईचंच सांगितलं. बारीक खिमा, पातळ रसात, मऊ भातावर. मसाला तुझ्या कोलंबीच्या कालवणाचा घातलाय.

सखुबाई: शाबास! माझ्या सासूनं हे ऐकलं असतं तर स्वर्गातून परत आली असती, मला मारायला. जातो का जावयांच्या पोटात?

गुणवंती: परवा सहा घास. काल चार. आज सकाळी दोन, तेही मला बरं वाटावं म्हणून. हळू बोल, पडद्यामागे झोपलेत.

सखुबाई: अकरा वर्षांनी आले मी, आणि हळू बोल म्हणतेस. तुझ्या चिठ्ठीला तुझ्या अप्पांनी हात लावला नाही. शेजारच्या लवूकडून वाचून घेतली. मग अप्पांना म्हटलं, निदान नातीला, शांतीला तरी घेऊन येते. तिसऱ्या दिवशी एकच विचारलं.

गुणवंती: काय?

सखुबाई: पोरीनं ते खाल्लंय का.

गुणवंती: तिचा बाप्तिस्मा झालाय, त्याचं काही नाही?

सखुबाई: पाण्याचं काय, पाणी वाळतं. भटजी पंचगव्य देतील. पण पोटात ते गेलं असेल, तर जातीत कोणी तिला पंक्तीला घेणार नाही. खरं सांग. खाल्लं असलं तरी मी तिकडे नाहीच म्हणेन, पण मला खरं सांग.

गुणवंती: कोनाड्यातलं ते लहान पातेलं बघ.

सखुबाई: माझं आहे की ते! तुझ्या लग्नात दिलेलं.

गुणवंती: शांतीचं त्यात वेगळं शिजतं. कोलंबी, नाहीतर भाजी. आठ वर्षांची झाली, एक दिवस चुकला नाही. डावसुद्धा वेगळा.

सखुबाई: त्यांनी चालवून घेतलं?

गुणवंती: त्यांना वाटतं, तिला मांस आवडत नाही. आजीवर गेलीय म्हणून हसतात.

सखुबाई: आणि तू?

गुणवंती: मी बाप्तिस्म्यानंतर पहिल्या आठवड्यातच खाल्लं. माझं दार मी लावून घेतलं. तिचं लावायला हात धजला नाही.

सखुबाई: म्हणजे मनात होतं तुझ्या, कधीतरी परत—

गुणवंती: नव्हतं. यात काही पाप नाही असं शाळेत मुलींना शिकवत होते, आणि घरी येऊन दोन डाव वेगळे ठेवत होते. का, ते मलाही सांगता येत नाही.

सखुबाई: पाणी पी. हा खोकला कधीपासूनचा?

गुणवंती: दिवाळीपासून. मागच्या सोमवारपासून रुमालावर लाल दिसतं. फार नाही, कुंकवाच्या टिकलीएवढं.

सखुबाई: देवा! औषध?

गुणवंती: त्यांचंच. त्याचा गुण तू पाहतेस. डॉक्टर म्हणाले, मुलीला या खोलीत झोपवू नका. आई, खोली एकच आहे.

सखुबाई: मग चिठ्ठीत तसं का नाही लिहिलंस? नुसतं ‘येऊन जा’.

गुणवंती: आठ दिवस हेसुद्धा तेच म्हणतायत, शांतीला घेऊन जा असं आईंना स्पष्ट कळव. मी रोज उद्या म्हणते.

सखुबाई: आधी अप्पांची अट ऐक. तू भेटायला यायचं नाहीस. दारातही नाही. चिठ्ठी नाही. जातीत आम्ही सांगणार, पोरीची आई वारली.

गुणवंती: फार दिवस खोटं बोलावं लागणार नाही त्यांना.

सखुबाई: जीभ झडो तुझी! मी भांडले गं. पण माझं त्या घरात चालतं कुठे?

गुणवंती: कधी चाललं?

सखुबाई: टोमणे मार, हक्क आहे तुझा. पण आज मला ‘उद्या’ सांगू नकोस. अप्पांचं मन उद्या फिरेल. आणि पोर समोर आली की तुझ्या तोंडून शब्द निघायचा नाही, माझ्याही नाही.

गुणवंती: रात्री पायावर पांघरूण घातलेलं तिला चालत नाही. झोपेत लाथाडते. पुन्हा घालायचं नाही, उगाच जागी होते.

सखुबाई: बरं.

गुणवंती: काळोखात घाबरत नाही. पण मोठ्यानं कोणी ओरडलं तर दिवसभर बोलत नाही. अप्पांना सांग.

सखुबाई: सांगेन. गुणे, म्हणजे मी काय समजू?

गुणवंती: शाळा चारला सुटते. दारातूनच घेऊन जा तिला, आई. घरी आणू नकोस.