नाइजेलचं नाव

"हॅलो?… हो, मीच. बोल, नाइजेल… मिळालं ना पत्र? मग बरोबर वाचलंस. मुखत्यारपत्रातून तुझं नाव काढलंय मी… नाही, जिलचं ठेवलंय… हे बघ, बहिणीवर घसरू नकोस. तिला तर मी कालच सांगितलं."

मॉरीन हेब्डननं काठी भिंतीला टेकवली आणि खुर्ची ओढून हळूच बसली. खुब्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते.

"ओरडू नकोस. ऐकू येतंय मला… भ्रमिष्ट? डॉक्टरीणबाईंच्या समोर सही केलीय मी. तासभर प्रश्न विचारत होत्या… हो, हो… अरे, ऐक ना! माझं डोकं चालेनासं झालं तर माझ्या वतीनं ठरवायचं, म्हणून दिला होता तो कागद. माझा खुबा मोडला होता, नाइजेल. डोकं नव्हे!… काळजी? मला न विचारता वृद्धाश्रमात खोली ठरवलीस! वॉर्डातली नर्स सामान बांधायला आली, तेव्हा कळलं मला…"

पलीकडे आवाज उतरला.

"…हं… माहितीय रे. स्किप्टनपर्यंत दर आठवड्याला गाडी हाकत येतोस… नको, रडू नकोस… अरे, बाळा…"

तिनं टेबलावरच्या लिफाफ्याकडे पाहिलं.

"ऐक. तुझं नाव काढल्याचा, कचेरीत पाठवायचा सहीचा कागद अजून इथंच आहे; तो पोचेपर्यंत पक्कं नाही काही. टपालात टाकला नाही मी… नाही, कबूल नाही करत काही. रविवारी ये, बोलू. यॉर्कशर पुडिंग करते… आणि टॉफीला आण. फार दिवस सांभाळलंस माझ्या कुत्र्याला… का?… गाडीत बसत नाही म्हणजे? तो तर उडी मारून… नाइजेल?… नाइजेल, टॉफी कुठाय?"

ती टेबलाला धरून उभी राहिली.

"…कधी?… मी ऑपरेशनच्या टेबलावर भुलीत होते, त्याच दिवशी?… म्हातारा झाला होता म्हणून सुई देऊन मारवलंस त्याला?… आजारी होता का? एवढंच सांग. आजारी होता?… मी परत येणारच नाही, असं धरून चालला होतास तू… नाही. आता बोलू नकोस. ठेवते मी."

तिनं फोन ठेवला. कोट चढवला, लिफाफा काखेत मारला आणि काठी टेकत कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे निघाली.