वाचून दाखवले, समजावून सांगितले

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा अ‍ॅडव्होकेट हिमानी चुरी मॅडम. प्रमुख पाहुणे आणि ज्यांच्या ऑफिसात मी गेली दोन वर्षं कामाला आहे, निदान हे भाषण सुरू होईपर्यंत तरी आहे, ते अ‍ॅडव्होकेट धर्मेश राऊत सर. पालघरच्या कोर्टाबाहेर एक्केचाळीस वर्षं टाइपरायटर चालवून आज टेबल आवरणारे सत्कारमूर्ती एकनाथकाका तांडेल. शेजारी बसलेल्या हिराकाकू. जमलेले वकील, टायपिस्ट, कारकून, झेरॉक्सवाले, आणि दाराशी चहाचा ट्रे घेऊन अडकलेला माणूस. दादा, तुम्ही या आत, मी थांबतो. या.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी एका जागी फार टिकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. उमरोळीला घर, कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं. मग मनोरला हायवेच्या हॉटेलात गल्ल्यावर, मग सालवडला पॅकिंगमध्ये, मग बोईसरला मोबाइलच्या काचा बदलत. माझ्या भाषणाचंही तसंच होईल. कुठे भरकटलो तर खूण करा, परत येईन.

आत्तापर्यंत चार भाषणं झाली. चारही जणांनी फार सुंदर सांगितलं की काळ बदलला. ई-फायलिंग आलं, सुनावणी स्क्रीनवर आली, कागद गेला, टाइपरायटरची टकटक थांबली. खरं आहे. सर मागच्या महिन्यात मनोरला गाडी बाजूला लावून मोबाइलवरून हजर होते. जजसाहेबांनी विचारलं, "वकीलसाहेब, मागे कोण ठोकतंय?" सर म्हणाले, "पंक्चरवाला आहे, साहेब." साहेब म्हणाले, "त्याला सांगा, कोर्ट चालू आहे." आणि त्या माणसाने खरंच हातोडी खाली ठेवून नमस्कार केला. हसा, हसण्यासारखंच आहे. पण चारही भाषणांत आणखी एक वाक्य होतं. कोणी म्हणालं, "काका आता थकले." कोणी म्हणालं, "वयोमानानुसार." एकाने तर, "माणूस म्हटला की शेवटी नजर चुकतेच," असं म्हणून काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी मान खाली घातली. ती मान खाली का गेली, हे या हॉलमध्ये तिघांना माहीत आहे. काकांना, सरांना आणि मला.

त्याआधी काकांची पद्धत सांगतो. नवीन लोकांनी ती पाहिलेली नाही.

ज्याला वाचता येत नाही त्याच्या प्रतिज्ञापत्राखाली एक ओळ असते. "सदर मजकूर मला वाचून दाखवला, समजावून सांगितला, तो बरोबर आहे." तिच्याखाली अंगठा, आणि त्याच्याखाली वाचून दाखवणाऱ्याची सही. ती सही बहुतेक वेळा काकांची. काका कागद टाइप करायचे, तो मशीनमधून काढायचे आणि स्टॅम्प पॅडचं झाकण बंद करून त्यावर हात ठेवायचे. मग खुर्ची वळवून माणसासमोर बसायचे आणि अख्खा कागद वाचायचे. समोर कोळीण असली तर तिच्या बोलीत, जव्हारकडचा माणूस असला तर त्याच्या. बोईसरचा कामगार असला तर हिंदीत. ती हिंदी ऐकायला आम्ही मुद्दाम उभे राहायचो. "सुनो, तुम्हारे बाप का नाम में एक काना जास्ती हाय. वो काना हम निकाला. अभी बाप बराबर हाय क्या?" वाचून झालं की कागद उलटा ठेवायचे आणि म्हणायचे, "आता तुमी सांगा, मी काय लिवलंय?" तो माणूस आपल्या तोंडाने परत सांगायचा. जुळलं तरच झाकण उघडायचं. नाही जुळलं तर कागद फाडून नवा. त्याचे जास्त पैसे नाहीत. मागे रांग लागली, वकील ओरडले, तरी झाकण बंद.

मी एकदा म्हटलं, "काका, परीक्षा घेता का लोकांची?"

म्हणाले, "परीक्षा माजी हाय रे. पास-नापास ती लोकं करतात."

आता माझ्या कामाकडे येतो. सरांनी दीड वर्षापूर्वी मसुदा करणारं सॉफ्टवेअर घेतलं. त्याला काही नावं ठेवत नाही. माणसाचं बोलणं रेकॉर्ड करा, ते आत टाका, चहा येईपर्यंत दावा तयार, प्रतिज्ञापत्र तयार, परिच्छेदांना नंबर. आणि शेवटी ती ओळ. वाचून दाखवला, समजावून सांगितला, बरोबर आहे. ती ओळ ते आपोआप टाकतं. मला पहिल्यांदा गंमत वाटली होती, की अजून कागद छापलासुद्धा नाही आणि वाचून दाखवूनही झाला.

गेल्या जुलैत नवसीबाई आल्या. किनाऱ्यावरच्या आहेत, विधवा, बोंबील सुकवून विकतात. गावाबाहेर एक मोकळी पट्टी आहे, तिथे त्यांच्या आणि आणखी अकरा घरांच्या वलांड्या उभ्या असतात. बोंबील टांगायचे बांबू हो, हिमानी मॅडम शहरात वाढल्या म्हणून सांगितलं. सासूच्या सासूपासून तिथेच. त्या पट्टीवर एका माणसाने कुंपणाचे खांब आणून टाकले, म्हणून मनाईचा दावा करायचा होता. अकरा घरांनी नवसीबाईंनाच पुढे केलं.

मी मोबाइल पुढे ठेवला आणि त्या बोलल्या. अकरा मिनिटं बोलल्या. सुरुवातच अशी होती, माझ्याकडे अजून आहे ते रेकॉर्डिंग. "आता बगायला गेलास तर तिथं काय नाय. जागा मोकळी हाय. पावसात वलांड्या सोडून घरी आणतो आमी. पाऊस गेला की परत उब्या करतो. दरसाल." मग पुढे सासूचं, सासूच्या सासूचं, कुठली वलांड कोणाची, कोण कोणाशी भांडलं. सॉफ्टवेअरने अकरा मिनिटांच्या सहा ओळी केल्या. भाषा अशी शुद्ध, की काय सांगू. परिच्छेद सात: "सदर जागा सद्यस्थितीत मोकळी असून तिच्यावर अर्जदार यांचे कोणतेही साहित्य नाही." पाऊस गेला. दरसाल गेलं. परत उभ्या करतो, तेही गेलं.

कागद छापला. सकाळपासून बंद असलेला ई-फायलिंगचा सर्व्हर तेव्हाच चालू झाला होता, दुसऱ्या दिवशी अर्ज कोर्टापुढे यायचा होता, आणि त्या दिवशी माझा एक मित्र डहाणूला बाइक बघायला जाऊया म्हणून बाहेर हॉर्न वाजवत होता. हॉर्नचं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. काका दुसऱ्या एका माणसाला वाचून दाखवत होते. मी मधेच कागद पुढे केला. "काका, सही."

काकांनी वर बघितलं. "वाचून दाखवलास?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी नवसीबाईंकडे बघितलं. "वाचलान काय यानं?"

नवसीबाईंनी मान हलवली. त्या खोटं बोलल्या नाहीत. रेकॉर्डिंग नीट आलं की नाही हे बघायला मी त्यांचाच आवाज त्यांना ऐकवला होता. नंतर मला म्हणाल्या, "माजाच आवाज होता. मला वाटलं तेच लिवलंय."

एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा काकांनी दुसऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवून झाकण उघडलं. ते तोंड माझं होतं.

पुढचं वकील मंडळींना माहीत आहे. समोरच्या वकिलांनी फक्त परिच्छेद सात वाचला. "अर्जदार स्वतःच शपथेवर सांगतात, जागा मोकळी आहे." मनाई नाकारली. ऑक्टोबरात पाऊस गेला आणि वलांड्या घेऊन बाया गेल्या तर कुंपण उभं. या मोसमात नवसीबाईंनी बोंबील घराच्या पत्र्यावर वाळत घातले. अर्धे कावळ्यांनी नेले. अकरा घरांतली निम्मी माणसं त्यांच्याशी बोलत नाहीत. म्हणतात, कोर्टात जाऊन जागा सोडून आली. मी त्यांना आजचं आमंत्रण द्यायला गेलो होतो. म्हणाल्या, "सुकवायला जागा नाय ठेवलीस, आन् टाळ्या वाजवायला बोलवतोस? जा बाबा. एकनाथदादाला माजा नमस्कार सांग. त्याचा काय राग नाय." काका, सांगितला.

आता सर, तुमची माफी मागून सांगतो. मंगळवारी अपिलाची तारीख आहे. अपिलात असं म्हणायचं ठरलं आहे, की वाचून दाखवणारा इसम वयस्क होता, त्याच्याकडून नजरचुकीने परिच्छेद सात वाचायचा राहिला. सर वाईट माणूस नाहीत. मी कामाला लागलो तेव्हा माझ्याकडे धड चपला नव्हत्या, त्यांनी दिल्या. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "तुझं आयुष्य पडलंय पुढे. ऑफिसचं नाव आहे. काका तसेही बंद करतायत." आणि काकांना विचारलं, तर काका काय म्हणाले असतील? त्यांनी उलट सरांनाच विचारलं, "बाईची जागा परत मिळंल त्यानं?" सर म्हणाले, "प्रयत्न करू." काका म्हणाले, "मग लिवा तसं."

म्हणजे ही शाल, हा नारळ, हे "वयोमानानुसार". कळलं ना आता, चार भाषणांत ते का आलं? भाषण करणाऱ्यांचा दोष नाही. त्यांनी जे ऐकलं ते बोलले. पण मंगळवारी तेच कोर्टात कागदावर जाणार होतं आणि कायमचं राहणार होतं. हिराकाकू, तुम्ही मला परवा दारात थांबवून विचारलंत, "यांनी खरंच वाचलं नाय काय रे? झोपेत पण तोंडानं काय तरी वाचत असतात." तेव्हा मी बसची वेळ झाली म्हणून पळालो. बस नव्हती. मी उमरोळीपर्यंत चालत गेलो.

मी पळण्यात हुशार आहे. मनोरहून पळालो, सालवडहून पळालो. इथूनही पळता आलं असतं. वापीला एकाने काम देतो म्हटलंय.

तर, माझ्या खिशात हा कागद आहे. दोन पानं. माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र. सॉफ्टवेअरवर केलेलं नाही, हाताने लिहिलंय, अक्षर घाण आहे. नवसीबाई अकरा मिनिटांत काय बोलल्या ते शब्दाला शब्द आहे, पावसासकट. कागद कोणी वाचून दाखवला नाही, ते आहे. काकांनी विचारलं आणि मी हो म्हटलं, ते आहे. हॉर्नसुद्धा आहे. याने कुंपण निघेल का? मघाशी बाहेर मॅडमना कोणाचं ते न सांगता विचारलं, तर म्हणाल्या, सांगता येत नाही, आणि असा कागद देणाऱ्यावर काय होईल तेही सांगता येत नाही. खोट्या शपथेचं प्रकरण आहे. सर, सोमवारी मी ऑफिसच्या किल्ल्या आणून देतो. चपला तुमच्याच आहेत, त्या राहू द्या.

काका, एक विनंती. तुमचं टेबल बाहेर टेम्पोत चढवलंय, पण स्टॅम्प पॅड काकूंच्या पिशवीत आहे, मी बघितलं. मला वाचता येतं, सही येते. तरी हा कागद तुम्ही मला वाचून दाखवा. इथेच, कार्यक्रम संपला की. मग उलटा ठेवा आणि मला विचारा, काय लिहिलंय. मी सांगेन. जुळलं तरच झाकण उघडा. अंगठाच घ्या माझा. सहीवर माझा मलाच भरवसा राहिलेला नाही.

वेळ पाच मिनिटांची होती, अध्यक्ष मॅडमनी घड्याळ तीनदा बघितलं तरी बसा म्हणाल्या नाहीत, त्यांचे आभार. हा समारंभ ठेवणाऱ्या मंडळाचे आभार, चहावाल्या दादांचे आभार, चहा थंड झाला असेल. बोलताना नावं मागेपुढे झाली असतील, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, भरकटलो तर होतोच. तेवढं पोटात घाला.

जुलैतलं मात्र घालू नका.