तळ्यातलं देवधान

केशोरीच्या दवाखान्यात लसीच्या डोसाच्या रांगेत बाळ नुकतंच मांडीवर झोपलं होतं, म्हणून मी हललेच नाही. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि एक तरुण शेतकरी बोलत होते.

"काय रे खुशाल, तुझ्या धानाच्या बांधीत तळ्यातलं रानटी देवधान उगवलं म्हणते?"

"बांधीभर, मावशी. तळं खोल केलं, त्याचा गाळ टाकला ना उन्हाळ्यात. बी त्यातूनच आलं. उद्या बाया लावून उपटून टाकतो."

"काऊन उपटतं? तळ्यात आता एक काडी नाही उरली."

"ऋषिपंचमीच्या उपासाले पाहिजे का? मंग घेऊन जा."

"तुझ्या बांधीले नांगर लागला. नांगराचं चालते का उपासाले?"

"मंग कायले पाहिजे?"

"बियाले. तळ्याच्या काठानं टाकीन, उथळ पाण्यात."

"पण पिकल्याबरोबर त्याचा दाणा झडते, मावशी. पुढच्या साली माझ्या धानात सगळं तेच दिसन."

"झडू कायले देऊ? निसवलं का लोंब्यांच्या जुड्या बांधून ठेवीन, दाणा जुडीतच रायते. माझी माय तळ्यात तशीच बांधे."

"अख्ख्या बांधीत?"

"एक कोपरा सोड. बाकीचं उपट."

"अन् तरी दाणे पडले तं?"

"तं पुढच्या साली निंदाले मीच येईन."

"ह्या गुडघ्यांनी? चिखलात उतरनं होते का तुमाले?"

"त्याचीच तं गोळी घ्याले बसली आहो, बाबू."



"कडेच्या धुऱ्याजवळचा कोपरा सोडतो मंग. तिथं चिखल कमी रायते."