एक प्रवासी, एक तिकीट

(सरोवराचा काठ. आवुओर जाळ्यावर ओमेना मासळी वाळत घालतेय. कॉलेजातून आलेला धाकटा भाऊ ओडेरा शेजारी कागद पसरून बसलाय.)

आवुओर : आणि हा काडीचा माणूस कोण? जेवायला घालत नाहीस का त्याला?

ओडेरा : तो प्रवासी, ताई. हसू नकोस. सॉफ्टवेअर लिहायच्या आधी सगळं कागदावर मांडायचं असतं. कोण येतं, काय करतं, कशाला काय जोडलंय. सर म्हणतात, वापरणाऱ्यालाच विचारा, आपल्या मनचं घालू नका.

आवुओर : मग धक्क्यावरच्या बायका मेल्या का? मी लाँचमध्ये पाय ठेवत नाही, माहीत आहे ना तुला?

ओडेरा : माहीत आहे. म्हणूनच इतके दिवस टाळलं. पण परवा लाँचचा मालक कॉलेजात येणार आहे. पसंत पडलं तर धक्क्यावर हेच बसवणार.

आवुओर : बरं. दाखव.

ओडेरा : तिकीट काढलं की माणसाची नोंद होते. लाँच बुड... म्हणजे काही झालंच, तर आत किती होते ते लगेच कळेल. हा प्रवासी, हे तिकीट, मधे रेघ. एक प्रवासी, एक तिकीट.

आवुओर : आणि पाठीवरचं पोर?

ओडेरा : काय?

आवुओर : पाठीवरच्या पोराला तिकीट असतं का रे? माझ्या ओकुमूला होतं?

ओडेरा : ताई...

आवुओर : मला पाण्यातून वर काढलं तेव्हा पाठीला बांधलेलं लेसोचं फडकं तसंच होतं, आत पोर नव्हतं. मी ओरडतेय, अजून एक आहे, अजून एक आहे! तो शिट्टीवाला साहेब म्हणाला, बाई, जिवंत-मेलेली धरून जेवढी तिकिटं तेवढी माणसं मिळाली. आणि शोधायला आलेल्या होड्या माघारी वळवल्या.

ओडेरा : हे तू कधी बोलली नाहीस.

आवुओर : विचारलं कुणी? सगळे म्हणाले, देवाची मर्जी. कागद घेऊन विचारायला आलेला तूच पहिला.

ओडेरा : आणि मी त्यांचीच रेघ ओढली. सरांनी शाबासकीही दिली, सुटसुटीत आहे म्हणून.

आवुओर : रडू नको. मासळी भिजेल माझी.

ओडेरा : खोडतो. हे बघ. तिकीट असो नसो, चढताना डोकी मोजायची. पाठीवरचीसुद्धा.

आवुओर : मालक म्हणेल, फुकट्यांना कशाला मोजायचं?

ओडेरा : म्हणू दे. नापास झालो तरी चालेल.

आवुओर : शहाणाच आहेस! नापास झालास तर कोण ऐकेल तुझं? नीट समजावून सांग त्याला. माझ्यासारखा ओरडू नकोस. ओरडणाऱ्या बाईला त्यांनी घोंगडी दिली आणि गप्प बसवलं.

ओडेरा : सांगतो. खाली नमुन्यादाखल एका प्रवाशाचं नाव लिहायचं असतं.

आवुओर : ओकुमू लिही.

ओडेरा : वय?

आवुओर : चालायला लागला होता नुकता.

ओडेरा : तिकीट?

आवुओर : नाही. पण चढला होता, एवढं लिही.