कपाटाच्या आरशात दिसलेल्या आसियाभाभीबद्दल

पोलीस ठाणे लोणंद. दि. ११/०२/२०२५, दुपारी १२.४०.

नाव सिमरन फारूक बागवान, वय १९, धंदा शिक्षण व मेंदी काढणे, रा. लोणंद, ता. खंडाळा, जि. सातारा.

मी स्वतः हजर राहून सांगते की, माझं शिक्षण इंग्लिश मीडियमला झालंय, म्हणून लिहून न देता तोंडी सांगतेय. मेंदीचं मला लय वेड आहे. इन्स्टाग्रामवर माझं पेज आहे, त्यावर रोज काहीतरी टाकते.

दि. ३१/०१ रोजी आमच्या शेजारच्या मेहरुनबी यांच्या मुलीची मेंदी होती. खोलीत फक्त बायका होत्या. मेहरुनबींनी दारातच सगळ्यांचे मोबाईल टोपलीत ठेवून घेतले. माझा घेतला नाही, कारण डिझाईन त्यात होत्या. मी नवरीला विचारून तिच्या हातांचा व्हिडिओ लावून ठेवला. मागे मेहरुनबींची सून आसियाभाभी नाचत होती. डोक्यावर ओढणी नव्हती. ती समोरच्या कपाटाच्या आरशात आली. रविवारी पेजवर टाकताना मी हातच बघितले. आरसा बघितला नाही.

बुधवारी भाभीला सांगलीहून तिच्या भावाचा फोन आला. कुणीतरी आरशातला तुकडा कापून, मोठा करून, वर गाणं लावून पाठवला होता. तो चार-पाच ग्रुपवर फिरला. कांद्याच्या बाजारभावाच्या ग्रुपवरसुद्धा. भाभी बालवाडीत शिकवते. त्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही. व्हिडिओ तिनंच कुणाकडून तरी काढून घेतला असेल, असं लोक म्हणत होते. गुरुवारी आणि शुक्रवारी मी त्यांच्या दारावरून गेले. आत गेले नाही.

शनिवारी गेले आणि खरं सांगितलं. मेहरुनबी म्हणाल्या, "टोपलीत टाकायचा तुझाच तेवढा राहिला बघ." मग म्हणाल्या, "रडू नगंस. कुठं जाऊन सांगायचं ते सांग." आम्ही तिघी त्याच दिवशी इथं आलो.

तुकडा पहिल्यांदा ज्या नंबरवरून गेला तो नवरीचा आतेभाऊ शाहरुख याचा निघाला, म्हणून आज त्याला बोलावलं होतं. तुकडा त्यानेच कापल्याचं त्याने माझ्यासमोर कबूल केलं. "मजा म्हणून केलं, मॅडम," असं तो म्हणाला. हवालदार अंकिता धायगुडे मॅडमनी विचारलं, "कुणाची मजा?" आम्हाला माहीत असलेल्या सगळ्या ग्रुपवरून व्हिडिओ आता काढून टाकलाय. माझ्या पेजवरचा मी काढून टाकलाय. मूळ व्हिडिओ असलेला माझा मोबाईल जमा केलाय.

आज मोबाईल उघडण्याआधी मॅडमनी भाभीला विचारलं होतं, "बघू का मी? कामापुरतंच बघते." भाभी म्हणाली, "बघा. आत्तापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं." त्यानंतर ती पाणी प्यायली आणि बाहेर जाऊन शाळेच्या बाईंना फोन केला, उद्या येते म्हणून.

भाभीने व्हिडिओ काढायला सांगितला नव्हता, पाठवला नव्हता, तो निघतोय हेही तिला माहीत नव्हतं. चूक माझी आहे. शाहरुखविरुद्ध कायदेशीर कारवाई व्हावी.

हा जबाब चालू असताना मेहरुनबी मधेच म्हणाल्या, "आवं मॅडम, हे पण लिवा. ती लाजत हुती. मीच हाताला धरून तिला नाचायला उठवली. माझ्या घरात, दार लावून." मॅडम म्हणाल्या, "मावशी, त्यासाठी तुमचा वेगळा जबाब घ्यावा लागेल."

"घ्या की. बसलीच हाय मी."

मॅडमनी हे सगळं मला सावकाश दोनदा वाचून दाखवलं. मी बोलले तेच आणि तसंच लिहिलंय, म्हणून खाली सही करते.

सिमरन फारूक बागवान