हरणांपुढे शिकारी

नाशिक रोड स्टेशनावर, सन छत्तीसमध्ये, बायकांच्या वेटिंग रूममध्ये कानी पडलेलं:

"जैतुनबी, हजचा प्रवास सुखाचा झाला ना?"

"कसला सुखाचा, श्यामलाबाई! जहाजात सगळ्यांना उलट्या. मक्केजवळ मोटार वाळूत रुतली. आणि तेवढ्यात हरणं आली, अगदी हाताशी!"

"आणि तुमचे यजमान तर नावाजलेले शिकारी!"

"पण अंगावर एहराम होता ना! हजची ती पांढरी वस्त्रं नेसली की शिकार हराम. बसले हात बांधून. एक पाडस येऊन त्यांचे हात हुंगायला लागलं. आमची नसीम म्हणाली, 'अब्बा, ते तुम्हाला ओळखत नाही!' इतके हसले, की डोळे पुसत बसले."

"आता बंदूक?"

"भिंतीवरच आहे. पूर्वी हात लावू द्यायचे नाहीत. परवा मी तिच्यावर ओढणी वाळत घातली, तर म्हणाले, माझी टोपीही अडकव."