पुलाचं इकडचं टोक

नाही, तुम्हीच सांगा, फुकटात कोण विचारतं हो? दवाखान्यात सकाळपासून बसा, कोणी विचारत नाही. माझ्या स्वतःच्या घराला रंग काढला तेव्हा कुठला द्यायचा ते मला कोणी विचारलं नाही, आणि एक दिवस शिरगावच्या मागे आमच्या वस्तीत गाडी थांबते, त्यातून गोरी मॅडम उतरते, समाजमंदिरात सतरंजीवर मांडी घालते आणि मला, सातवी पास भावनाला विचारते, की तुम्हाला शहर कसं पाहिजे... मला तर तिथेच धस्स झालं.

तिच्याबरोबर तेजस्वीताई होती, पुण्याची, मॅडमचं इंग्रजी आम्हाला मराठीत सांगायला. पण तिचं मराठी परत कोणीतरी आम्हाला मराठीत सांगायला पाहिजे होतं. "ताई, शाश्वत आणि सर्वसमावेशक शहरांसाठी आंतरराष्ट्रीय धोरण आकार घेतंय, त्यात तुमचा आवाज हवाय." आवाज पाहिजे तर सकाळी नळावर या की बाई, पोतं भरून घेऊन जा. मी विचारलं, शाश्वत म्हणजे काय, तर म्हणे कायम टिकणारं. आमच्याकडे कायम टिकलेली एकच गोष्ट आहे, नाला. आणि समावेशक म्हणजे, म्हणे सगळ्यांना सामावून घेणारं. ते तर मी डोळ्यांनी बघितलंय, अंबरनाथला माझ्या मावशीचं घर असंच रस्त्यात सामावून घेतलं. तिच्याकडे पण आधी दोन पोरं गोड बोलून विचारायलाच आली होती, मावशी घरात किती माणसं, मावशी पाणी कधी येतं, मावशीने चहा पाजला त्यांना. मग टेप घेऊन आले, मग गेरूने दारावर नंबर, आणि मग जेसीबी. तेव्हापासून मी धसका घेतलाय... फुकटात कोणी विचारत नाही.

आमचे हे, महेंद्र, कंपनीत जाताना दारातून सांगून गेले, "कशावर सही करू नको. अंगठा पण देऊ नको." म्हटलं मी सातवी शिकलेय, अंगठा कशाला देईन? तर म्हणे, "घाबरलीस की तू सगळं देतेस." समाजमंदिरात उपमा दिला, केळं दिलं, मी हात लावला नाही. खाल्लं की मिंधं झालो. शेजारच्या संजीवनीने माझं पण केळं खाल्लं, ती गोष्ट वेगळी.

आता नाल्याचं सांगते, कारण सगळा घोळ त्याच्यापायी. नाल्याच्या इकडे आम्ही, पलीकडे अंगणवाडी. माझ्या दारातून अंगणवाडीचा झेंडा दिसतो. पण जायचं कसं, तर मोठ्या रस्त्याने वळसा घालून डंपरच्या मधून, नाहीतर नाल्यावरच्या लोखंडी पाइपावरून, चपला हातात आणि पोरगी काखेत. माझी चैत्राली चार वर्षांची. मागच्या पावसात तिची एक चप्पल पायातून सुटून खाली गेली, ती टाळ्या वाजवून हसली आणि मला दोन दिवस घास गिळवेना. रात्री डोळा लागला की मला तो पाइपच दिसतो. म्हणजे पूल सगळ्यात जास्त कोणाला पाहिजे होता? मला. हे लक्षात ठेवा हं.

तर त्यांनी टेबलावर आमची अख्खी वस्ती मांडली, पुठ्ठ्याची. नाला निळ्या कागदाचा, आता आमचा नाला कधी निळा होता? आणि एक पूल, आईस्क्रीमच्या काड्यांचा. तेजस्वीताई म्हणते, "मैत्रिणींनो, पूल तुम्हाला हवा तिथे ठेवा. निर्णय तुमचा." झालं. इंदुबाईने, म्हणजे वस्तीतली सगळ्यात जुनी म्हातारी, तिने आपल्या पुठ्ठ्याच्या घरावर पंजाच ठेवला. "या घराला हात लावाचा नाय. आदीच सांगून ठेवते."

"आजी, हे खरं घर नाहीये."

"आसं बोलूनच सुरुवात करतान."

आणि तिचं चूक काय? पुलाला दोन टोकं असतात. पलीकडचं सगळ्यांना पाहिजे, पण इकडचं टोक कोणाच्या दारात? पूल आला की रस्ता आला, रस्ता आला की टेप आली, पुढचं माझ्या मावशीला विचारा. संजीवनीने हळूच पूल उचलून माझ्या घरासमोर ठेवला. म्हटलं, काय गं? तर म्हणते, "तुलाच पाहिजे ना? रडत असतेस ना रोज?" मी उचलून तिच्या घरासमोर ठेवला. तिने इंदुबाईसमोर ठेवला. इंदुबाईने उचलला आणि सरळ कमरेला खोचला, पाच मिनिटं पूल सापडेना.

शेवटी मॅडमनेच तो मागून घेतला, टेबलाभोवती फिरली, वाकून नीट बघितलं आणि बरोब्बर अंगणवाडीसमोर ठेवला, म्हणजे माझ्याच दारात. माझ्याकडे बघून हसली, बोटाने विचारलं, इथे? आणि तुम्हाला सांगते, घशापर्यंत आलं होतं, हो बाई, इथेच... पण डोळ्यासमोर तो गेरूचा नंबर आला आणि माझाच हात पुढे गेला. सरकवत सरकवत टेबलाच्या पार टोकाला नेला, जिथे एक पण घर नाही. सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, "हां, इथे बरोबर." आयुष्यात पहिल्यांदा आमचं सगळ्यांचं एक मत झालं. मॅडमने टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. तेजस्वीताईने विचारलं, "ताई, पलीकडे काय आहे?" म्हटलं, मोकळंच आहे. पुठ्ठा तिथेच संपत होता, पलीकडे कंपनीची भिंत आहे हे कोणाला दिसणार, आणि मी कशाला सांगू?

मग आम्ही जेसीबीची वाट बघत बसलो. मी कागदपत्रं पिशवीत भरून उशाला ठेवली. आणि आलं काय, तर सिमेंट. खरंच पूल बांधला हो त्यांनी. रेलिंग, सोलरचा दिवा, बोर्डावर कुठल्या कुठल्या देशांचे झेंडे. इतका सुंदर पूल, चालत जायचं, भिंतीला हात लावायचा आणि परत यायचं. कंपनीवाले म्हणतात, भिंतीला दार पाडणार नाही. इंदुबाई तिथे सुकट वाळत घालते. पोरं रील काढतात.

गेल्या आठवड्यात मॅडम परत आली. सगळ्यांसमोर मलाच विचारते, तेजस्वीताईच्या तोंडून, "आता मुलीला अंगणवाडीत नेणं सोपं झालं का?" मी म्हटलं... काय म्हणणार? नाही म्हटलं असतं तर विचारलं असतं, मग कुठे हवा होता? आणि ते परत माझ्याच दारात. फुकटात तर कोणी विचारत नाहीच. म्हटलं, खूप सोपं झालं. तेजस्वीताईने माझे दोन्ही हातच धरले, "भावनाताई, तुमचा अनुभव आता जगभरातल्या शहरांना दाखवणार."

त्यांची गाडी वळेपर्यंत थांबले. मग चपला हातात घेतल्या, चैत्रालीला काखेत मारलं आणि पाइपावर पाय ठेवला. तर मधोमध कारटी विचारते, "आई, आपल्याकडे पूल आहे ना, मग आपण त्याच्यावरून का नाही जात?"

म्हटलं, गप्प बस, हलू नको. तो जगासाठी आहे.